विषय: व्हेट स्कूलचा अर्ज – गोठ्यातलं काम 'रिसर्च' म्हणून लिहायचं का?

प्रेषक: शाहूपुरी, कोल्हापूरहून

मंडळी, नमस्कार.

जूनपासून मी आणि लेक कोल्हापुरात आईकडे आलोय. लेकीचं बी.एस. मे महिन्यात झालं आणि यंदा ती अमेरिकेतल्या व्हेट स्कूलांना, म्हणजे पशुवैद्यकीय कॉलेजांना, अर्ज करतेय. अर्ज व्हीएमकॅसवरून, म्हणजे या कॉलेजांच्या सामायिक ऑनलाइन अर्जातून, जातो, मुदत सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. म्हणजे हातात जेमतेम महिना. बाकी सगळं भरून झालंय, घोडं अडलंय ते 'रिसर्च'च्या रकान्यापाशी.

तिनं इथं काय केलं ते आधी सांगते. चिखलीच्या बाजूला माझ्या थोरल्या भावाचा गोठा आहे, 11 गायी. गेल्या वर्षी त्यातल्या दोघींना दगडी, म्हणजे कासेच्या सुजेचा आजार, झाली आणि एकीचं एक सड कायमचं गेलं. दादा धारेआधी वैरण टाकतो. शेजारच्या गोठ्यात 8 गायी आहेत, तिथं धार झाल्यावर टाकतात. लेक आठ दिवस नुसती बघत बसली होती. मग एका संध्याकाळी तिनं विचारलं, "मामा, तुझ्या गायी धार झाली की लगेच बसतात, त्यांच्या उभ्या राहतात. असं का?" तिथून हे सुरू झालं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला सांगितलं, की धार काढल्यावर सडाचं तोंड काही वेळ उघडं राहतं. गाय तेवढ्यात शेणात बसली तर जंतूंना आत शिरायला वाट मिळते. पुढ्यात वैरण असली की गाय खात उभी राहते. हे पुस्तकात आहेच, खरं तर. पण आपल्या या दोन गोठ्यांत तसं दिसतंय का, हे बघायचं तिनं ठरवलं. डॉक्टरांनी चार खळ्यांची पांढरी थाळी दिली आणि सुप्त, म्हणजे वरून न दिसणाऱ्या, दगडीची चाचणी शिकवली. दर मंगळवारी 19 गायी, प्रत्येकीची चार सडं, आणि सगळं वहीत.

आता अडचणी. एक, जुलैत पाणी चढलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ओलांडली तशी जनावरं सोनतळीला हलवली. त्या मंगळवारी चाचणी झालीच नाही. दोन, दोन्ही गोठ्यांत म्हणावा असा फरक काही निघाला नाही. तीन, आमचे एक नातेवाईक म्हणतात की ती दोन-तीन दिवस विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसली होती ना, मग 'विद्यापीठात संशोधन' असं लिहा, आठवडे सरळ 8 टाका, कोण बघायला येतंय. मला ते पटत नाही. पण न लिहिल्यानं पोरीचं नुकसान व्हायलाही नको. ज्यांची मुलं या वाटेनं गेलीत, त्यांनी कृपया सांगावं.

---

प्रेषक: राजारामपुरीच्या काकू, आता न्यू जर्सी

अगं, माझ्या मुलाच्या वेळी आम्ही हे सगळं भोगलंय. व्हेट स्कूलवाले सगळ्यात आधी पशुवैद्याच्या हाताखालचे तास बघतात. डॉक्टर सोबत होते ना? मग सगळंच्या सगळं 'व्हेटरिनरी'च्या रकान्यात टाक, आकडा मोठा दिसेल. रिसर्च प्रयोगशाळेतला असेल तरच शोभतो. फक्त एक सांभाळ, तेच तास दोन ठिकाणी लिहू नकोस.

---

प्रेषक: कागलचा डॉक्टर, सध्या विस्कॉन्सिन

ताई, नमस्कार. काकूंचा दोनदा न लिहिण्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे. सगळं एकाच रकान्यात टाकण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. मी शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकलो, इथं येऊन परवान्याच्या परीक्षा दिल्या आणि गेली बरीच वर्षं दूध देणाऱ्या गायींमध्येच काम करतोय. दरवर्षी दोन-तीन अर्जदार मुलं माझ्या गाडीत बसून फार्मवर येतात आणि पुढं त्यांची शिफारसपत्रं मी लिहितो. त्यामुळं मनापासून सांगतो.

तुमच्या लेकीनं केलं ते संशोधन आहे. प्रयोगशाळा, पांढरा कोट, मोठं नाव यांनी संशोधन ठरत नाही. तिला एक प्रश्न पडला. तो तपासायची रीत तिनं आधी ठरवली, दर वेळी त्याच रीतीनं मोजलं, लिहून ठेवलं, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तरी वही बदलली नाही. माझ्याकडं आलेल्या एका मुलीच्या अर्जात मोठ्या प्रयोगशाळेतले चारशे तास होते. मी सहज विचारलं, तिथं काय शोधत होते? तिला सांगता आलं नाही. ती नळ्या धूत होती, नळ्यांवर चिठ्ठ्या लावत होती. कामात कमीपणा काही नाही, पण आपण हे कशासाठी करतोय हे तिला कुणी सांगितलंही नव्हतं आणि तिनं विचारलंही नव्हतं. तुमच्या पोरीला मुलाखतीत हाच प्रश्न आला तर ती अर्धा तास बोलेल.

त्या चाचणीत काय होतं, हे तिला नीट सांगता आलं पाहिजे. सुरुवातीच्या धारा टाकून द्यायच्या, मग चारही खळ्यांत चार सडांचं थोडं-थोडं दूध घ्यायचं, तेवढंच द्रावण घालायचं आणि थाळी गोल फिरवायची. दूध चांगलं असेल तर पाण्यासारखं फिरतं. आत सूज असेल तर बघता-बघता घट्ट होऊन अंड्याच्या पांढऱ्यासारखं ओघळतं. सूज आली की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, द्रावणानं त्या फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येऊन दूध चिकट होतं. दूध डोळ्यांना चांगलं दिसतं, गायीला ताप नसतो, कासही मऊ असते, आणि दगडी मात्र आत बसलेली असते. आमच्या धंद्यातलं खरं नुकसान त्या न दिसणाऱ्या दगडीनं होतं. तिनं 19 गायींची सडन् सड तपासली, हे लहान काम नाही.

आता रकाने. पशुवैद्याच्या देखरेखीखालचं काम ते 'व्हेटरिनरी'. पशुवैद्याशिवाय जनावरांत केलेलं काम ते 'अॅनिमल': धारा, शेणघाण, वैरण. प्रश्न धरून केलेली मोजणी आणि त्यामागचं वाचन-लिखाण ते 'रिसर्च'. संशोधनावर पशुवैद्याची देखरेख असेल तर काही जण ते रिसर्चऐवजी व्हेटरिनरीत मांडतात. तिच्या बाबतीत मी रिसर्चमध्येच ठेवीन आणि देखरेख कुणाची होती ते तिथंच लिहीन. ज्या शाळांना अर्ज करताय, त्यांच्या पानावर याबद्दल वेगळी सूचना आहे का, तेवढं आधी वाचून घ्या. अर्ज एकदा पाठवला की लिहिलेला अनुभव बदलता येत नाही.

पुराच्या आठवड्याबद्दल बोलायलाच हवं, कारण तुम्ही ती अडचण म्हणून सांगितलीत. 8 अजिबात लिहू नका, 7 लिहा. जनावरं सोनतळीला दुसऱ्याच्या छपरात बांधलेली, वैरण मिळेल तेव्हा, मिळेल ती. त्या आठवड्यात 'आधी वैरण' आणि 'नंतर वैरण' असे दोन गट उरलेच नव्हते. चाचणी केली असती तरी तो आकडा तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. एक आठवडा का गळला, हे तिनं एका वाक्यात लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेल, की मोजणी कधी ग्राह्य आणि कधी नाही हे या मुलीला समजतं. आणि ताई, त्या आठवड्यात ती काय करत होती? मला खात्री आहे, घरी बसली नसणार. ते तास 'अॅनिमल'मध्ये येतात.

फरक निघाला नाही, तर तसंच लिहा. 19 गायी, दोनच गोठे, 7 आठवडे. एवढ्यावर फरक नाही असंही म्हणता येत नाही, आहे असंही नाही. दोन गोठ्यांत वैरणीशिवाय इतरही फरक असणार: खाली फरशी की माती, हातानं धार की मशीननं. हे तिच्या लक्षात आलं असेल तर वर्णनात त्याला जागा द्या.

आणि विद्यापीठाचं नाव घालू नका. ग्रंथालयात बसणं म्हणजे तिथं संशोधन करणं नव्हे. उद्या कुणी विचारलं, तिथले मार्गदर्शक कोण, तर पोर खाली मान घालेल. तिच्या खऱ्या कामावर त्यामुळं डाग लागेल, आणि तो डाग तिनं केलेला नसेल, मोठ्यांनी लावलेला असेल.

---

प्रेषक: शाहूपुरी, कोल्हापूरहून

डॉक्टर, तुमचं पत्र लेकीनं दोनदा वाचलं आणि मग मामाला फोनवर वाचून दाखवलं. दादा म्हणाला, "त्यो आठवडा आपुन मोजलाच न्हाई, तर लिवायचा कसा? डॉक्टर बराबर बोलत्यात."

काल रात्री वही घेऊन बसलो. वहीला अजून गोठ्याचा वास आहे आणि तिसऱ्या आठवड्याच्या पानावर दुधाचा डाग, तिथला एक आकडा लागतच नव्हता. तिनं तो गाळला आणि बाजूला तसं लिहून ठेवलं. तासांचा हिशेब असा निघाला: चाचणीचे आठवड्याला 4 आणि वाचन-नोंदींचे 5, असे 7 आठवड्यांचे 63 तास रिसर्चमध्ये. डॉक्टरांबरोबर गावोगाव फिरली ते आठवड्याला 6, म्हणजे 42, व्हेटरिनरीत. गोठ्यातली कामं आठवड्याला 10, ती मात्र पूर्ण 8 आठवडे, म्हणजे 80, अॅनिमलमध्ये. तुम्ही म्हणालात ते खरं आहे. पुराच्या आठवड्यात ती सोनतळीला टेम्पोतून कडबा उतरवत होती. मला भीती वाटत होती म्हणून मी तिला जाऊ नको म्हणत होते, तरी गेली.

काकू, रागावू नका. 'व्हेटरिनरी'चा आकडा लहान दिसतोय हे मलाही कळतंय. पण तिकडच्या दवाखान्यात कॉलेजात असताना केलेले तास तिच्याकडे आहेत, ते वेगळे लिहिलेत.

रिसर्चचं वर्णन तिनं इंग्रजीत लिहिलंय. त्याचा मराठी मजकूर असा: "धारेआधी आणि धारेनंतर वैरण देणाऱ्या दोन गोठ्यांतल्या 19 गायींची सुप्त दगडीसाठी 7 आठवडे दर आठवड्याला चाचणी केली. चाचणीची रीत शासकीय पशुवैद्यांनी शिकवली, नोंदी मी ठेवल्या. पुरामुळे जनावरं हलवावी लागल्यानं एक आठवडा मोजला नाही. दोन गटांत स्पष्ट फरक दिसला नाही. एका गोठ्यात फरशी आणि दुसऱ्यात माती असल्यानं केवळ वैरणीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. दूध नेहमीच्या धारेच्या वेळीच घेतलं, रक्त घेतलं नाही, उपचार केले नाहीत." शेवटचं वाक्य तिचं तिनंच घातलं. मालकांची परवानगी होती हेही ती जोडणार आहे.

फरशी आणि मातीचं तिच्या लक्षात आधीच आलं होतं, वहीत दुसऱ्याच आठवड्यात लिहिलेलं सापडलं.

राहिलं शिफारसपत्र. इथल्या डॉक्टरांचा सगळा कारभार व्हॉट्सॅपवर चालतो, आणि व्हीएमकॅसचा दुवा ईमेलवर येतो, तो ज्यानं-त्यानं स्वतःच उघडून भरायचा असतो. ते म्हणाले, लिहून तुम्हाला देतो, तुम्हीच टाका. लेकीनं हात जोडून सांगितलं, की तसं चालत नाही, मी ते वाचायचंही नाही. पुरानंतरची शिबिरं चालू आहेत, शनिवारपर्यंत ते गावांतच असणार. सोमवारी दवाखाना उघडला की ती लॅपटॉप घेऊन जाणार आहे, त्यांच्या टेबलावर ठेवून बाहेर बाकावर बसणार आहे.