मदत हवी आहे: यानवाल्या शिलेदारांसाठी

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याचा. पैसे घेऊन लढणाऱ्या अवकाशातल्या पलटणीवर मराठीत कादंबरी लिहितोय. ‘भाडोत्री सैनिक’ हा शब्द खटकतो, त्यात हिणवणं आहे. मराठा फौजेत स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार, सरकारी घोड्यावरचा तो बारगीर. मग स्वतःचं यान घेऊन येणाऱ्याला शिलेदार म्हटलं तर चालेल का? की वाचताना शिवकाळच डोळ्यांपुढे येईल?

दुसरी अडचण मोठी आहे. मंगळावरून पृथ्वीवर संदेश पोहोचायला अंतराप्रमाणे साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, उत्तराला पुन्हा तेवढीच. वरून हुकूम येईना तेव्हा तुकडीत प्रत्यक्ष काय घडतं? आमच्याकडच्या अपशिंग्याचे (घरोघरी फौजी असलेलं गाव) किंवा कुठलेही निवृत्त सुभेदार, हवालदार इथे असतील तर कृपया सांगा. एक प्रकरण वाचून दिलंत तर फार उपकार होतील.