मदत हवी आहे: पदोन्नतीत डावललं, मॅटची (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाची) मुदत नेमकी कुठल्या तारखेपासून धरायची?

नमस्कार. मी सांगलीत राज्य शासनाच्या एका कार्यालयात कनिष्ठ लिपिक आहे. नोकरीला १६ वर्षं झाली. लहानपणी पोलिओ झाला, उजव्या पायाला कॅलिपर आहे, प्रमाणपत्र ५० टक्क्यांचं.

१० डिसेंबर २०२४ ला वरिष्ठ लिपिक पदाचा पदोन्नती आदेश निघाला. ज्येष्ठता यादीत माझ्या खालच्या दोघांची नावं त्यात आहेत, माझं नाही. विचारायला गेले तर साहेब म्हणाले, "त्या टेबलाला फिरती आहे, तुम्हाला झेपायचं नाही. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय." कागदावर यातलं एक अक्षर नाही. माझे गोपनीय अहवाल चांगले आहेत, चौकशी कधी लागलेली नाही.

३ जानेवारी २०२५ ला योग्य मार्गाने निवेदन दिलं. उत्तर आलं नाही. एप्रिलमध्ये स्मरणपत्र, ऑगस्टमध्ये दुसरं. आस्थापना शाखेत दर वेळी एकच, "फाईल वर गेलीय." आता ऑफिसातले एकजण सांगतात, आदेशाला वर्ष उलटलं, मॅट अर्ज हातातसुद्धा घेणार नाही. दुसरे म्हणतात, शेवटच्या स्मरणपत्रापासून मोजा, भरपूर वेळ आहे. कुणाचं खरं धरू? चार रात्री झोप नाही.

आणखी एक अडचण. निवेदनाची जी प्रत (स्थळप्रत) माझ्याकडे आहे, तिच्यावरचा आवक शिक्का फुटलाय. जांभळी शाई पसरून ३ आहे की ८ ते कळत नाही. आवक क्रमांक मात्र स्वच्छ वाचता येतो. एवढ्याने अडेल का?

प्रतिसाद (निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा)

ताई, आधी पोटभर जेवा आणि झोपा. दार बंद झालेलं नाही.

प्रशासकीय न्यायाधिकरण अधिनियम, १९८५ चं कलम २० आणि २१ एकत्र वाचायचं. अंतिम आदेश हातात असेल तर त्या तारखेपासून १ वर्ष. निवेदन दिलं आणि ६ महिने उत्तरच आलं नाही, तर ते ६ महिने संपल्यापासून १ वर्ष. तुमचे ६ महिने ३ जुलै २०२५ च्या सुमारास संपले. तिथून वर्ष धरा, म्हणजे जुलै २०२६ ची सुरुवात.

पण स्मरणपत्रापासून मोजा म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. एस. एस. राठोड विरुद्ध मध्य प्रदेश या १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की निवेदनांवर निवेदनं देत राहिल्याने मुदत वाढत नाही. मी ३० वर्षं आस्थापनेत काढली. स्मरणपत्रांचा गठ्ठा घेऊन बसलेली आणि मुदत घालवलेली माणसं डोळ्यांदेखत पाहिलीत. त्यातल्या दोघांची बाजू शंभर टक्के खरी होती. अजून त्यांची आठवण आली की वाईट वाटतं.

शिक्क्याचं सोपं आहे. माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका, आवक नोंदवहीच्या त्या पानाची साक्षांकित प्रत मागा. क्रमांक आहेच तुमच्याकडे. त्याच अर्जात विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीचं इतिवृत्तही मागा. साहेबांनी तोंडी सांगितलेलं कारण तिथे वेगळ्या शब्दांत सापडायची शक्यता आहे. उत्तराला ३० दिवस धरा.

प्रतिसाद (सेवा प्रकरणं पाहणारा वकील)

अधीक्षक साहेबांनी बरोबर सांगितलंय. फक्त जुलैपर्यंत थांबू नका. सरकारी बाजू असंही म्हणू शकते की या निवेदनाला सेवा नियमात आधारच नाही, मुदत मूळ आदेशापासून धरा. मग १० डिसेंबर २०२५ लाच ती संपली म्हणतील. म्हणून मूळ अर्जासोबत कलम २१(३) खाली विलंब माफीचा अर्जही सावधगिरी म्हणून जोडा. निवेदन, स्मरणपत्रं, प्रत्येकाची पोहोच, सगळं तारखेनुसार लावा. न्यायाधिकरणाला विलंबाचं पुरेसं कारण दिसावं लागतं आणि ते कागदातूनच दिसतं.

मुद्द्याचा गाभा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २०(३) आहे: केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून पदोन्नती नाकारता येत नाही. त्याच कायद्यात कलम २३ खाली प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो, त्याने २ आठवड्यांत चौकशी करायची असते. तिथे तक्रार जरूर द्या, पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडेही जाता येतं. पण त्यामुळे मॅटची मुदत थांबते असं धरून चालू नका.

कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, म्हणून बरेच जण थेट तिथे जायचं म्हणतात. राज्य कर्मचाऱ्यांच्या सेवा प्रकरणात आधी न्यायाधिकरण, मग उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या एल. चंद्रकुमार निकालापासून हाच क्रम आहे. सांगली-साताऱ्यासाठी मॅट म्हणजे मुंबईच.

आणि ज्या दोघांना बढती मिळाली त्यांना प्रतिवादी करावं लागेल.

प्रतिसाद (विट्याहून)

जिल्हा परिषदेच्या कुणी हे वाचत असेल तर लक्षात घ्या, आपल्याला मॅट नाही. मी शिक्षक, माझं प्रकरण उच्च न्यायालयात रिट करून लढावं लागलं. चुकीच्या दारात माझे ५ महिने गेले.

मूळ प्रश्नकर्ती

काका, वकील साहेब, मनापासून आभार. कालच माहिती अधिकाराचा अर्ज दिला. या वेळी खिडकीपाशी उभी राहिले आणि शिक्का कोरडा होईपर्यंत प्रत हलवली नाही. तारीख नीट वाचून मगच पिशवीत ठेवली.

एकाच गोष्टीने जीव खाली-वर होतोय. प्रतिवादी करायचं त्या दोघांतली एक माझ्या शेजारच्या टेबलावरची. पावसात जिना ओला असला की तीच माझा हात धरते. तिच्यावर माझा राग नाही. नोटीस तिच्या हातात पडण्याआधी मीच तिला सांगितलं तर प्रकरणाला काही बाधा येते का? वकील साहेब, एवढं सांगा. मग या आठवड्यातच कागद मुंबईला घेऊन निघते.

वकील

काहीच बाधा येत नाही. सांगा त्यांना. तुमची मागणी त्यांना खाली उतरवण्याची नाही, तुमची पदोन्नती त्याच तारखेपासून मानीव, म्हणजे तेव्हाच झाली असं धरण्याची आहे. अर्जात विनंती तशीच लिहू.