दिरहमचा भाव मोबाइलवर एक आणि हातात दुसरा, असं का?

खेडची_सून
माझे मिस्टर शारजाला एसी दुरुस्तीचं काम करतात. पैसे पाठवायचे दिवस आले की आमचं फोनवर एकच चालतं, "आज पाठवू की थांबू?" पगार दिरहममध्ये आहे, मग बातम्यांत डॉलर वाढला की दिरहमही कसा वाढतो? आणि मोबाइलवर दिसतो तो भाव एक्स्चेंजवाले का देत नाहीत? घराचा हप्ता चुकू नये म्हणून विचारते.

फोर्टचा_डीलर (निवृत्त)
ताई, माझी नोकरी बँकेच्या फॉरेक्स खात्यात गेली, म्हणून सविस्तर लिहितो. दिरहम डॉलरला बांधलेला आहे. १ डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम, १९९७ पासून हेच. अमिरातीचं (शारजा ज्या देशात आहे त्याचं) तेल डॉलरमध्ये विकलं जातं, त्यामुळे त्यांच्या मध्यवर्ती बँकेकडे हा भाव सांभाळण्याइतके डॉलर असतात. म्हणून रुपया आणि दिरहमचा भाव वेगळा ठरतच नाही. डॉलर ८४ रुपये असेल तर ८४ भागिले ३.६७२५, म्हणजे २२.८७.

आता दुसरा प्रश्न, आणि नुकसान होतं ते इथेच. मोबाइलवर दिसतो तो साधारण बँका-बँकांमधल्या घाऊक व्यवहाराचा मधला भाव. काउंटरवाला त्यातून आपला नफा कापतो. समजा ४,००० दिरहम पाठवायचे आहेत. एक जण २२.७० भाव देतो आणि २० दिरहम फी घेतो. घरी येतात ९०,३४६ रुपये. दुसरा "फी शून्य" अशी पाटी लावतो आणि भाव देतो २२.५०. घरी येतात ९०,०००. शून्य फीवालाच महाग पडला! त्यामुळे भाव विचारूच नका. "एवढे दिरहम दिले तर भारतातल्या खात्यात किती रुपये पडतील?" एवढंच विचारा.

मस्कतकर
आमचा ओमानी रियालही डॉलरलाच बांधलेला, साधारण २.६० डॉलरचा एक. कुवेतचा दिनार मात्र २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीला जोडलाय, त्यामुळे तो थोडा वेगळा हलतो.
एकेकाळी आखातात आपला रुपयाच चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने खास तिकडच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला. तेव्हा दुबई, कतारने रुपया सोडला. ओमानात तो १९७० पर्यंत होता.

खेडची_सून
हिशेब आज रात्रीच त्यांना पाठवते. पण मग रुपयाचा भाव कोण ठरवतं? सरकार?

फोर्टचा_डीलर (निवृत्त)
१९९३ पासून बाजार ठरवतो. कोणाला डॉलर हवेत आणि कोण विकतंय, यावर सगळं. आपण कच्चं तेल मोठ्या प्रमाणात बाहेरून घेतो, तेल कंपन्यांना त्यासाठी डॉलर लागतात. तेल महागलं की मागणी वाढते आणि रुपयावर ताण येतो. परदेशी गुंतवणूकदार आपले शेअर विकून पैसे बाहेर नेतात तेव्हाही तेच. तुमच्या मिस्टरांसारख्यांचे पैसे उलट दिशेने येतात आणि रुपयाला आधार देतात, हे देशाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. रिझर्व्ह बँक स्वतःकडचे डॉलर विकून किंवा बाजारातून घेऊन फार मोठे झोके आवरते, पण अमुकच भाव राहील अशी हमी देत नाही.

म्हणून थांबण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उद्याचा भाव आम्हा डेस्कवरच्यांनाही कळत नसे. ४,००० दिरहमवर भाव १० पैशांनी वाढला तर ४०० रुपये मिळतात. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिलवर (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या संस्थेकडे) नोंद जाते, ती वेगळीच. हप्त्याची रक्कम पगार झाल्याबरोबर पाठवा. थांबायचंच असेल तर उरलेल्या बचतीपुरतं थांबा.

खेडची_सून
त्यांच्या खोलीवरचे सगळे शून्य फीवाल्याकडेच जातात. त्यांनाही हा हिशेब दाखवायला सांगते.