मदत हवी आहे : ज्या कामाचं नावच माहीत नाही, ते शोधायचं कसं?

सड्यावरची (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते. गणपती तोंडावर आलेत, मुंबईची मंडळी गावात येतील आणि आरती झाली की पडवीत बसून "पुढे काय करणार?" हा तोच प्रश्न विचारतील, म्हणून आज लिहून टाकते. जरा लांबलं आहे, सांभाळून घ्या.

मी २४ वर्षांची. देवगड तालुक्यातलं सड्यावरचं गाव. २०२३ साली रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाले, ६८ टक्के. बाबांची हापूसची साठेक कलमं आहेत, आई अंगणवाडीत मदतनीस, भाऊ बारावीला. घरच्यांनी शिकायला कधी अडवलं नाही, हे आधीच सांगते. पण आता स्थळं यायला लागली आहेत, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत माझं काही ठरलं नाही तर पुढचं ते ठरवतील अशी चिन्हं आहेत. आजी रोज एकदा तरी विचारते, "गो बाय, तुका नक्की काय करूचा आसा?" काळजीपोटीच विचारते. मला उत्तर देता येत नाही याचं फार वाईट वाटतं.

पदवीनंतर वर्षभर बँकेच्या क्लार्कच्या परीक्षा दिल्या. एकदा पूर्वपरीक्षेत तीन मार्कांनी गेले. मग मामेबहिणीबरोबर पुण्याला गेले. तिथे एका कन्सल्टन्सीने रजिस्ट्रेशनचे म्हणून २,५०० रुपये घेतले आणि दोन ठिकाणी पाठवलं, दोन्हीकडे जागाच नव्हती. शेवटी एका कॉल सेंटरला लागले. पगार १४,०००. कॉटबेसिसचं भाडं, मेस आणि बसचा पास जाऊन हातात काही उरत नसे. रात्रपाळी सोसली नाही, पाच महिन्यांत परत आले. ते काम वाईट असं मी म्हणत नाही, बहीण अजून तिथेच आहे आणि टीम लीडर झाली आहे. मला मात्र रोज वाटायचं की मी दुसऱ्या कुणाच्या तरी जागेवर बसले आहे.

आता ज्याच्यासाठी धागा काढला ते. यंदा एप्रिल ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मी एका कॅनिंग कारखान्यात होते. बाबा कॅनिंगचा आंबा तिथे घालतात, त्यामुळे कळलं की लॅबला मदतीला मुलगी हवी आहे. कारखान्याच्या मागच्या अंगाला दहा बाय बाराची खोली, एक टेबल, एक पीएच मीटर, एक रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर मोजायचं यंत्र). प्रत्येक बॅचचा गर आणायचा, ब्रिक्स म्हणजे गोडीचा आकडा बघायचा, पीएच बघायचा (आम्ल जास्त तितका तो कमी), आम्लता काढायची, रजिस्टरात लिहायचं. कॉलेजात तीन वर्षं मी ब्युरेट हातात धरला, पण गुलाबी रंग टिकला की मार्क मिळतात, एवढाच त्याचा अर्थ मला माहीत होता. इथे लॅबच्या मॅडमनी सांगितलं की ४.६ ही पीएचची सीमारेषा आहे. त्याच्या वर गेलेला पदार्थ डबाबंद करायचा तर उष्णता वेगळ्या हिशेबाने द्यावी लागते, नाहीतर हवाबंद डब्यात बोटुलिनमचा जंतू वाढून माणूस दगावू शकतो. त्या दिवसापासून मी तो आकडा नुसता लिहिला नाही, वाचला.

मेच्या शेवटी एक गोष्ट झाली. आंबा जास्त पिकून यायला लागला तशी टायट्रेशनमध्ये, म्हणजे ब्युरेटच्या मोजणीत, आम्लता खाली येत होती. म्हणजे पीएच चढायला हवा होता, पण मीटर रोज जवळजवळ तोच आकडा दाखवत होता. मला ते खटकलं. मॅडमना विचारलं. त्यांनी बफर, म्हणजे ठरलेल्या पीएचचं द्रावण, काढून मीटर तपासला, तर तो चुकत होता. त्या दिवशीचे डबे बाजूला काढले, पुन्हा तपासले, मगच सोडले. सगळं ठीक निघालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण त्या रात्री मला आनंदाने झोप आली नाही. आंबा कापताना साका (गरातला पांढरट, खराब भाग) निघाला की बायका तो बाजूला टाकतात, हे मी लहानपणापासून बघत आले आहे. तो आत का होतो, हे जाणून घ्यावंसं पहिल्यांदा यंदा वाटलं.

मॅडम पन्नाशीच्या आहेत. शेजारच्या गावातून स्कूटरवरून येतात. माझ्यासारख्याच साध्या बीएस्सी. बावीस वर्षं तिथे आहेत. मला सर्वात जास्त काय लागलं असेल तर हे, की त्यांना भेटेपर्यंत असं काम करणारी इथली बाई मी पाहिलीच नव्हती. आमच्या आजूबाजूला शिक्षिका, नर्स, आशाताई, बँकेतल्या मॅडम आणि काजू फॅक्टरीतल्या बायका, एवढ्याच वाटा दिसतात. शाळेत ८ मार्चला कल्पना चावला आणि किरण बेदींचे फोटो लावायचे. त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण त्यांच्या आणि माझ्या मधली पायरी कुणी दाखवली नाही. स्कूटरवरून येणाऱ्या मॅडम म्हणजे माझ्यासाठी ती पायरी.

जूनमध्ये हंगाम संपला. "पुढच्या एप्रिलला ये" म्हणाले. तिथे कायमची जागा एकच आहे आणि ती मॅडमची.

तर मला विचारायचं आहे की या कामाला बाहेर म्हणतात काय? नोकरीच्या साइटवर मी कुठला शब्द टाकू? "केमिस्ट" टाकलं की औषध दुकानं येतात. बारा महिने चालणारं असं काम सिंधुदुर्ग-रत्नागिरीत आहे का? आधी एमएस्सी करावी की आधी नोकरी? आणि जे कुणी या कामात आहात, त्यांनी सल्ला नाही दिला तरी चालेल, पण तुमचा एक साधा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत कसा जातो ते लिहा. मला ते वाचायचं आहे.

---

खाडीकाठ

तुझा प्रश्न वाचून मुद्दाम लॉगिन केलं. मी रत्नागिरीजवळच्या मासळी प्रक्रिया कारखान्यात ११ वर्षं आहे, बाईच आहे.

शब्द आधी देते : क्यूसी केमिस्ट, क्वालिटी कंट्रोल, क्वालिटी अॅश्युरन्स, फूड सेफ्टी, लॅब अॅनालिस्ट. "केमिस्ट" एकटं टाकू नको, पुढे फूड किंवा सीफूड लाव.

आता महत्त्वाचं. तुझी पदवी कमी आहे असं तुझ्या लिहिण्यातून जाणवतं. ती कमी नाही. अन्न उत्पादनाच्या एफएसएसएआय (केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवान्याच्या अटींतच आहे की उत्पादनावर देखरेखीला निदान एक तांत्रिक व्यक्ती हवी, आणि तिच्याकडे रसायनशास्त्र, जीवरसायनशास्त्र, अन्न व पोषण किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यातली विज्ञानाची पदवी, नाहीतर अन्न तंत्रज्ञानाची पदवी किंवा पदविका हवी. म्हणजे कारखान्याला तुझी गरज कागदावर लिहून ठेवलेली आहे. अर्ज करताना हे डोक्यात ठेव, मान वर राहील. शिवाय दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक लागतो. त्याचं फॉस्टॅक नावाचं प्रशिक्षण असतं, एका-दोन दिवसांत होतं. ते आधी करून घे.

माझा दिवस. आठला गेटवर. आधी पाण्यातलं क्लोरीन आणि बर्फ बघते. मग कोल्ड स्टोरेजचे तापमानाचे आलेख, उणे १८ च्या वर काट्याने रात्री उडी मारली असेल तर का मारली याची चौकशी. नऊला गाड्या लागतात. बांगडा, कुपा आला की हिस्टामिन या विषारी द्रव्यासाठी नमुना, कारण पकडल्यावर मासा उन्हात राहिला तर ते वाढतं आणि नंतर शिजवून जात नाही. अकराला काल लावलेल्या प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) इन्क्युबेटरमधून काढून जंतूंच्या वसाहती मोजायच्या. कामगार बायकांच्या हातांचे आणि टेबलांचे स्वॅब. दुपारनंतर कागद, कागद आणि कागद. निर्यातीच्या मालात लिहिलं नाही ते घडलंच नाही असं धरतात. सहाला सुटते, माल जास्त असेल तर आठ. हात थंडीने सुन्न होतात आणि वास केसात राहतो, हेही लिहिते.

हंगामाचं गणित असं आहे : मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै. आंबा संपतो तेव्हा आमच्याकडे शुकशुकाट, आणि १ ऑगस्टला बंदी उठली की माणसं घेतात. म्हणजे आत्ता. तू केमिस्ट्रीवाली आहेस, मायक्रो (सूक्ष्मजीवशास्त्र) शिकायची तयारी आहे असं अर्जात स्पष्ट लिही. नेमणूकपत्र लेखी घे आणि पाळी संपल्यावर घरी पोचवायची गाडी आहे का हे पहिल्याच भेटीत विचार. लाजू नको.

---

निवृत्त_मास्तर

मुली, रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. पायरी म्हणतेस म्हणून सांगतो, तुझ्याच विषयातली एक आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, जन्म १९११. मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून राहिल्या, वर्षभर अटीवर काम केलं आणि मग रीतसर प्रवेश मिळवला. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी. आणि पुढे आयुष्यभर काम कशावर? डाळी, नीरा, आपल्या ताटातल्या अन्नाचं पोषण. उतारवयात ग्राहक चळवळीत येऊन घरच्या घरी भेसळ कशी ओळखावी हे बायकांना समजावत राहिल्या. तुझी दहा बाय बाराची खोली त्याच रस्त्यावर आहे.

तू मीटरवर शंका घेतलीस ती टायट्रेशनच्या आधारावर. हे प्रत्येक मुलाखतीत सांग, असंच सांग. टक्क्यांपेक्षा हे मोठं आहे.

---

माटुंगा_लोकल

एमएस्सी आत्ताच कर, असं माझं मत. मी नोकरीत अडकले आणि मग आठ वर्षं राहून गेलं. सरकारमान्य अन्न विश्लेषक व्हायचं तर त्या परीक्षेला रसायनशास्त्र किंवा तत्सम विषयातली पदव्युत्तर पदवी आणि अन्न विश्लेषणाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत अन्न तंत्रज्ञानाची दोन वर्षांची एमएस्सी आहे, काही दिवसांचे छोटे अभ्यासक्रमही असतात. प्रवेशाच्या तारखा बघून ठेव.

आणि नोकरीसाठी पुन्हा कुणालाही पैसे देऊ नकोस. माणूस हवा असणारा कारखाना उमेदवाराकडून पैसे मागत नाही.

---

खाडीकाठ

माटुंगा_लोकल, तुमचं खरं आहे, पण तिच्या घरी तुळशीच्या लग्नाची मुदत चालू आहे. दोन वर्षं आणखी शिकते म्हटल्यावर घर काय म्हणेल ते आपल्याला माहीत आहे. हातात पगार आला की घरातलं बोलणं बदलतं, हे मी अनुभवलं आहे. शिवाय त्या परीक्षेला अनुभव तर लागणारच. तो आधी घेतला तर वाया जात नाही.

---

आमसुलवाली

मी वेंगुर्ल्याकडची. आमचं कोकमाचं छोटं युनिट आहे, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), आमसुलं, सरबत. इथे कुणीतरी "स्वतःचा उद्योग कर" म्हणेलच, म्हणून मी आधी येते. योजना आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या पीएमएफएमई योजनेत कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान होतं, मी स्वतः घेतलं. पण ज्या मुलीला तपासणीची आवड आहे तिला लोणच्याच्या बरण्या भरायला बसवू नका. ते वेगळं काम, त्याला वेगळा जीव लागतो.

तुला दुसरंच सांगते. आमच्यासारखी छोटी युनिटं सिंधुदुर्गात जागोजाग आहेत. सरबत किती महिने टिकेल, लेबलवर काय लिहायचं, बुरशी कशाने येते, हे आम्हाला धड कळत नाही. पूर्ण पगारावर केमिस्ट परवडत नाही, पण आठवड्यातून एक दिवस कुणी आलं तर आम्ही चार-पाच जणी मिळून आनंदाने पैसे देऊ. एकदा येऊन बघून जा गो. जेवायलाच ये.

---

सड्यावरची

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. खाडीकाठताई, तुमचा दिवस आईला मोठ्याने वाचून दाखवला. केसातल्या वासाचं वाक्य आल्यावर ती म्हणाली, "मग काय झाला, आपल्याक काय माशाचो वास नवो हा?" आजीने मात्र प्लेटा म्हणजे काय ते विचारलं, मी समजावून सांगितलं.

आज फोनवरूनच तीन अर्ज पाठवले. दोन रत्नागिरीकडच्या मासळी कारखान्यांना, एक कुडाळच्या एमआयडीसीत. मास्तर, पीएच मीटरची गोष्ट तिन्ही अर्जांत लिहिली. मॅडमना फोन केला, त्या अनुभवाचं पत्र द्यायला तयार आहेत, आणि "एवढे दिवस का विचारलं नाहीस" म्हणून रागावल्या. फॉस्टॅकची नावनोंदणी उद्या करते. एमएस्सीचं मनात ठेवलं आहे, माटुंगाताई. बाबांशी त्यावर बोलले नाही अजून, गणपती झाल्यावर बोलेन.

आमसुलवाली काकी, तुम्हाला निरोप पाठवला आहे. गुरुवारी सकाळच्या वस्तीच्या गाडीने निघाले तर अकरापर्यंत पोचेन. रिफ्रॅक्टोमीटर मॅडम दोन दिवसांसाठी द्यायला तयार आहेत. सरबताचे तीन-चार वेगवेगळ्या तारखांचे नमुने काढून ठेवाल का? बुरशी आलेली बाटली असेल तर ती टाकू नका, तीही ठेवा.