मदत हवी आहे : जीएमसी ट्रकच्या मॉडेलचं वेदरिंग (गाडी वापरलेली, मळलेली दिसावी असं रंगकाम), तेही नागपूरच्या उन्हाळ्यात

नमस्कार मंडळी,
टामिया कंपनीच्या १/३५ मापाच्या प्लास्टिक किटमधल्या जीएमसी अडीच टनी ट्रकची जोडणी झाली. चेसिस, कॅब आणि डाला अजून सुटे आहेत. ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवट-खाकी) अ‍ॅक्रिलिकचा पहिला हात दिलाय. गाडी रेड बॉल एक्स्प्रेसमधली दाखवायची आहे, म्हणजे १९४४ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबरात फ्रान्समध्ये आघाडीवर पेट्रोल-दारूगोळा पोचवणाऱ्या ताफ्यातली.

पहिली अडचण हवेची. पारा ४५ च्या आसपास, एअरब्रशच्या टोकालाच रंग सुकतो आणि प्लास्टिकवर खरखरीत भुकटी बसते. कूलरसमोर बसावं तर दमटपणा. रंग उशिरा सुकवणारा रिटार्डर किती घालता? की पहाटेच उरकता?

दुसरं, क्लिअर कोटवर (पारदर्शक थरावर) इनॅमल वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) द्यायचाय. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालेल का? सांध्यात द्राव साचला की ताणाखालचं पॉलिस्टिरिन (किटचं प्लास्टिक) तडकू शकतं, आणि या ट्रकचे पाटे, अ‍ॅक्सल फार नाजूक आहेत.

धुळीसाठी पिगमेंट (रंगाची पूड) विकत घ्यायला जिवावर येतं, इथे धुळीला काय तोटा! पण आपली काळी माती तिथे शोभणार नाही, फिकट छटा हवी. रांगोळी सुचवू नका बुवा. या मापात अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरचा खडा. खडूची पूड कुणी वापरलीय का? ती बोटाला न लागता टिकते कशी?

सीताबर्डी-इतवारीत इनॅमल थिनर मिळत असेल तर तेही सांगा.