एसपी_ओएक्रिएट आणि अडकलेलं एक्सेल
एकाने विचारलंय की एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या प्रोसीजरमधून (साठवलेल्या आज्ञांच्या संचातून) एसपी_ओएक्रिएट या बाहेरचा प्रोग्रॅम उघडायच्या आज्ञेने एक्सेल उघडलं की सर्व्हरवर त्याच्या प्रोसेस तशाच का पडून राहतात. अहो, नुसतं एसपी_ओएडिस्ट्रॉय (ऑब्जेक्ट सोडून द्यायची आज्ञा) करून भागत नाही, त्याआधी एसपी_ओएमेथडने एक्सेलचं क्विट, म्हणजे बंद व्हायची आज्ञा, बोलवा, आणि डिस्प्लेअलर्ट्स (एक्सेलच्या सूचना दाखवायची सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर सेव्ह करू का असा डायलॉग कुठेतरी अदृश्य उघडतो आणि ते बिचारं उत्तराची वाट बघत बसतं (माझी अख्खी रात्र यात गेलीये). प्रत्येक कॉलचा रिटर्न कोड तपासा, ० नसेल तर लगेच एसपी_ओएगेटएररइन्फोने चूक काय ते बघा, कारण ट्राय-कॅच (चुका पकडायची नेहमीची रचना) इथे काही पकडत नाही. एसक्यूएल सर्व्हर २००५ पासून या एसपी_ओए आज्ञांचं फीचर मुळात बंदच असतं, ते उगाच नाही. डीएलएलवालं (वेगळ्या प्रोग्रॅमऐवजी लायब्ररी फाइलमधून येणारं) ऑब्जेक्ट एसक्यूएल सर्व्हरच्याच मेमरीत चालतं, ते कोसळलं तर डेटाबेसही सोबत. मी तर हे काम बाहेरच्या स्क्रिप्टकडे दिलं.