व्हीलचेअरवरील माजी सैनिकासाठी गावाकडच्या घरात काय बदल करावेत?

प्रश्न: माझे थोरले बंधू सैन्यात हवालदार होते. मणक्याच्या दुखापतीनंतर ते पुण्यातील खडकीच्या पॅराप्लेजिक (कमरेखालचे अंग लुळे पडलेल्यांच्या) पुनर्वसन केंद्रात राहिले आणि आता सातारा जिल्ह्यातील आमच्या घरी परतत आहेत. जोते ४५ सेंटिमीटर उंच असून न्हाणीघराचे दार जेमतेम दोन फुटांचे आहे. सुरुवात कुठून करावी?

उत्तर १: ताई, आधी न्हाणीघर घ्या, कारण अंगणापर्यंत उचलून नेणारे चार हात गावात मिळतात, पण अंघोळीसाठी रोज कोणाला हाक मारावी लागणे दादांना फार लागेल. दार ९० सेंटिमीटरचे करा, उंबरठा काढा आणि खुर्ची वळण्यासाठी आत दीड मीटरची मोकळी जागा ठेवा.

उत्तर २: जोत्यावर खुर्ची चढवायला उतार करा आणि त्याचे प्रमाण एकास बारा, म्हणजे एक सेंटिमीटर उंचीला बारा सेंटिमीटर लांबी, धरावे. त्या हिशेबाने तुमच्या जोत्याला ५.४ मीटर लांबीचा उतार लागेल; गवंडी हमखास आखूड करू पाहतो, तेव्हा टेप घेऊन स्वतः उभ्या राहा. फरशी खरखरीत घ्या, पावसाळ्यात गुळगुळीत कोटा फरशीवर चाक सरकते.

उत्तर ३: मी स्वतः खुर्चीवर आहे. पायांना संवेदना नसल्याने कढत पाण्याने भाजलेले कळत नाही, म्हणून पाणी आधी हाताच्या कोपराने तपासण्याची सवय घरातल्या सर्वांना लावा. खर्चासाठी काही मदत मिळते का, हे सेवामुक्तीचे पुस्तक व अपंगत्वाचे प्रमाणपत्र घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मात्र आराखडा दादांना खुर्चीत बसवूनच आखा.